रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं: आई आणि मुलांना घेऊन कुठली बघावीत?

मीनल_पुणे
नोव्हेंबरमध्ये दोन दिवस रत्नागिरीला जातोय. सोबत आई (वय ७२, गुडघे दुखतात) आणि दोन मुलं, दहा आणि सात वर्षांची. गणपतीपुळे, किनारे सगळं आधी झालंय, यावेळी फक्त कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायची आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ अशी यादी काढली आहे. एवढं होईल का? आणि जमिनीवरच्या रेघा बघण्यात मुलं रमतील का?

सड्यावरचा_राजापूरकर
ताई, सगळी यादी दोन दिवसांत करायला जाऊ नका. दिवस गाडीतच जाईल आणि भर दुपारी पोचलात तर चित्र पायाशी असून दिसणार नाही. जांभ्या दगडात कोरलेली रेघ फार खोल नसते, सूर्य डोक्यावर आला की तिची सावलीच पडत नाही. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर जा. ऊन तिरपं झालं की काळपट कातळावर एकेक रेघ उठून दिसायला लागते.

आईंसाठी उक्षी उत्तम. तिथे मोठा हत्ती आहे. गावाने मनावर घेऊन भोवती संरक्षक भिंत बांधून घेतली, त्यामुळे आत न उतरता चित्र नीट बघता येतं.

मुलांसाठी मात्र कशेळीच. तिथला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. उभ्या जागेवरून तो मावतच नाही डोळ्यांत. मुलांना बाहेरच्या रेघेच्या कडेकडेने चालू द्या, सोंड कुठे, पाय कुठे, त्यांचं त्यांना शोधू द्या. मग पोटात बघा. आत पाकट मासा आहे, पक्षी आहेत, जनावरं आहेत, हत्तीत सगळं रानच भरलंय. कोकणात आज गेंडा नाही, पण इथल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, गेंड्याचीही चित्रं आहेत. ज्यांनी ही कोरली त्यांनी काय काय पाहिलं असेल, याचा विचार मी लहानपणापासून करतोय. गावात विचाराल तर म्हातारी माणसं सांगतील, पांडवांनी एका रात्रीत कोरली.

देवाचे गोठणेला जाताना साधं होकायंत्र घ्या. तिथे सड्यावर एक मनुष्याकृती आहे, तिच्याजवळ सुई उत्तर सोडून भलतीकडे फिरते. आईंना खाली भार्गवरामाच्या देवळात बसवा, वर चढ आहे.

एक कळकळीची विनंती. फोटो चांगला यावा म्हणून रेघांत खडू किंवा रांगोळी भरू नका, कोणी भरत असेल तर थांबवा. चित्रावरून चालू नका, मुलांनाही सांगा. हजारो वर्षांचा पाऊस सोसून ही चित्रं टिकली, पण चिरेखाणीचं यंत्र एका दुपारी सडा कापून नेतं. लोक बघायला येतात, विचारपूस करतात, हे गावाला दिसलं तर सडा राखायला बळ येतं. म्हणून तुम्ही याच.

कुशावती_काठची
राजापूरकरांशी सहमत. पुढे कधी गोव्यात आलात तर सांगे तालुक्यातलं उसगाळीमळ चुकवू नका. कुशावती नदीच्या अगदी काठावर जांभ्याच्या कातळात बैल, हरणं आणि एक मोठं गोल चक्रव्यूह कोरलंय. मुलं त्या चक्राच्या वाटेवरून नजर फिरवत बसतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, त्यात महाराष्ट्रातल्या आठ जागांबरोबर गोव्यातली हीही आहे.

मीनल_पुणे
दोघांचेही आभार. मग पहिल्या दिवशी संध्याकाळी उक्षी, दुसऱ्या दिवशी सकाळी कशेळी आणि उन्हं उतरल्यावर देवाचे गोठणे. बाकीची पुढच्या खेपेला. वाट सापडेल ना?

सड्यावरचा_राजापूरकर
हे छान जमेल. कशेळीत दुपारी कनकादित्याचं देऊळ बघा, सूर्याचं जुनं देऊळ आहे, आईंना आवडेल. वाटेसाठी मोबाइलवर विसंबू नका. गावात थांबून विचारा आणि कोणीतरी सोबत घ्या, त्याच्या वेळेचे पैसे आवर्जून द्या. पावसानंतर गवत वाढलेलं असतं, रेघांत माती बसलेली असते, माहितगार नसेल तर चार पावलांवरचं चित्रही चुकतं. सड्यावर झाड नाही, पाणी आणि टोप्या सगळ्यांसाठी घ्या.