सालवण उपटू नका
‘कपड्यांना चिकटणारं हे तण दिसलं की उपटून टाकावं’ असा सल्ला कुणीतरी लिहिलेला वाचला आणि राहवलं नाही. चिकटतं खरं, पण ही सालवण, म्हणजे दशमुळातली (आयुर्वेदात एकत्र वापरल्या जाणाऱ्या दहा मुळांपैकी) शालपर्णी! बहुवर्षायू झुडूप. औषधाला मूळच लागतं, त्यामुळे खणलं की अख्खं झाडच जातं. त्यात आपण आणखी कशाला भर घालायची?

तिची शेंग एकदा भिंगाखाली बघाच. चपटी, सांध्यासांध्यावर तुटणारी, अंगभर बारीक आकडेदार केस, प्रत्येक तुकड्यात एकच बी. डोंगरावरून आल्यावर मोज्यांना चिकटलेले तुकडे मी जपून ठेवले, बिया पॉलिशपेपरवर हलक्या घासल्या आणि पहिल्या पावसात कुंडीत पेरल्या. सात उगवल्या. पान त्रिदल नसतं, एकच पर्णिका (पानाचं दल) असते. ओळखायला त्याची मदत होते, पण तेवढंच पुरत नाही.