अंगणवाडी सगळ्यांसाठी की फक्त गरजूंसाठी?

गोदाकाठ
माझा साडेचार वर्षांचा पुतण्या रोज सकाळी व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत जातो. तरी त्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर आहे. त्याची दीड वर्षाची बहीण आहे, तिच्यासाठी टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं येतात आणि ती थेट गोठ्यात जातात. घरी बागायत आहे, दूधदुभतं आहे. साध्या मुलामागे रोजचा आहाराचा दर 2017 साली 8 रुपये ठरला. त्यात तेव्हा 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं बसवायची होती! शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळेत राखीव जागा घ्यायला दुर्बल घटकाला वर्षाला 1 लाखाच्या उत्पन्नाची अट आहे, तशी इथेही घाला. पट निम्मा झाला तर उरलेल्या लेकरांना 16 रुपये मिळतील. गोठ्यात जाणारं पाकीट वीटभट्टीवरच्या पोराला का मिळू नये?

बांधावरून
तुमची तळमळ पटते, उपाय पटत नाही. ही वाट एकदा चालून झाली आहे. दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलं. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशाने तर सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, गरोदर आणि स्तनदा माता, किशोरी असे सगळेच योजनेत आले. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं आहेत, तिला अंगणवाडी मागता येते आणि ती तीन महिन्यांत द्यावी लागते. आता सांगा, उत्पन्नाचा दाखला कोणाकडे असतो? तुमच्या भावाकडे असेल, तलाठी ओळखीचा असेल. भट्टीवरच्या बाईकडे नसतो. अट घातलीत की आधी तीच गळेल.

शिवाय पाकीट ही अंगणवाडीच्या सहा सेवांतली एक झाली. लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आईला पोषणाची माहिती, शाळापूर्व शिक्षण, हे सगळं त्याच पटावर चालतं. बागायतदाराचं मूलही वजनात कमी भरू शकतं. ते काट्यावर ठेवल्याशिवाय कळणार कसं?

गोदाकाठ
मग आरटीईला दाखला चालतो आणि इथे का चालत नाही?

बांधावरून
तिथे जागाच 25 टक्के आहेत, म्हणून निवड करावी लागते. अंगणवाडीत जागा मोजून दिलेल्या नाहीत. आणि त्या 25 टक्क्यांचं काय झालं ते आठवा. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण तोवर पालक टांगणीलाच. अट असली की ती वळवताही येते.

डहाणूकडची
'अंगणवाडी' हा शब्दच आमच्याकडचा आहे, म्हणून बोलते. बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 च्या सुमारास बालवाडी चालवली. आदिवासी पोरं तिथवर येईनात, तेव्हा त्या दोघी पाड्यावरच्या अंगणात जाऊन बसल्या. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं. पात्रतेचा याहून वेगळा विचार मला करावासाच वाटत नाही.

सेविकेची लेक
व्हॅन गावातून का जाते, ते कोणीच बोलत नाही. माझी आई बावीस वर्षं सेविका आहे. तिला मुलांशी खेळायला, गाणी म्हणायला, गोष्टी सांगायला मनापासून आवडतं. पण सकाळ जाते वजनात, फोटोत आणि पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमध्ये. 2025 पासून पाकीट देताना चेहरा जुळवावा लागतो. रेंज नसली की बाळाला कडेवर घेतलेली बाई ताटकळते आणि बोलणी आईला बसतात. त्यात तुम्ही उत्पन्नाची पडताळणी घाला, म्हणजे आणखी एक रजिस्टर! 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा आई रडली होती. तिला शिकवायला वेळ द्या, तुमचा पुतण्या गावातच बसेल.

गोदाकाठ
हे मी धरलंच नव्हतं. पण पाकीट गोठ्यात जातं, हे डोळ्यांनी बघवत नाही. निदान ज्यांना नको त्यांनी तसं लिहून द्यावं. वजन आणि लस चालू राहू दे.

बांधावरून
स्वतःहून सोडलं तर हरकत नाही. अट नको.

फडावरची
मी बीडची. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, आता भाऊ-वहिनी जातात. त्यांची पोरगी तीन वर्षांची. गावी पटावर नाव आहे, अंगणवाडीच्या ताई चांगल्या आहेत. दिवाळी झाली की बिऱ्हाड निघतं ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करायची सोय आहे म्हणे. पण तळावरच्या आमच्या कोपीपासून (झोपडीपासून) अंगणवाडी चार किलोमीटर, आणि वहिनी पहाटे फडात जाते. पोरीला कोण नेणार? इथेही पात्र, तिथेही पात्र, आणि पाच महिने ताटात काही नाही. बागायतदाराचं नाव कापून आमच्या पोरीपर्यंत काय पोचणार? कोपीजवळ ताई आली पाहिजे.

गोदाकाठ
आमच्या शिवारातच कारखान्याच्या कोप्या पडतात. मला इतकी वर्षं वीटभट्टीच दिसली. उत्पन्नाची अट मी मागे घेतो. ते 40 मुलांचं खरं असेल, तर हंगाम सुरू झाला की मी ताईंना घेऊन तळावर जातो आणि यादी करतो.

फडावरची
चाळीसच्या वर भरतील. मागच्या साली एका तळावर मीच मोजली होती. सकाळी जाऊ नका, सगळे फडात असतात. दिवस मावळल्यावर जा, चुली पेटलेल्या असतात.