कारखान्यात चिकटलेलं बरं, की चाकण गाठलेलं?

कृष्णाकाठचा
धाकट्या भावाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. गेल्या वर्षी हातात दोन कामं होती. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदारामार्फत २३ हजार, किंवा इथल्या सहकारी साखर कारखान्यात मिल हाउसला हंगामी, १५ हजार. पोरानं कारखाना धरला. दोन दिवस घरात चूल पेटली, पण कुणी कुणाशी बोललं नाही. आता दुसरा हंगाम तोंडावर आलाय आणि वाद परत उकरलाय.

मी शेतकी खात्यात चौदा वर्षं आहे. माझ्या मते त्यानं केलं ते बरोबर. सकाळी म्हशीची धार काढून आठच्या पाळीला जातो. खोलीचं भाडं नाही, मेसचं पाणचट वरण नाही. पगारवाढ साहेबाच्या मर्जीवर नसते, ती त्रिपक्षीय करारात ठरते: सरकार, कारखानदार आणि कामगार संघटना. मागच्या करारात १२ टक्के मिळाली, २०२५ मध्ये १० टक्के ठरली. चाकणच्या ठेकेदाराकडच्या पोरासाठी मंत्रालयात कोण बैठक लावतंय? आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कामगार पतसंस्थेनं दोन दिवसांत कर्ज दिलं. जामीन कोण, तर शेजारच्या टेबलावरचा.

ज्यांना पटत नाही त्यांनी बोलावं.

चाकणवासी
दादा, तुम्ही कायम आहात, पोरगा हंगामी. गेट एकच असलं तरी या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. माझे वडील हंगामी ते कायम व्हायला १९ वर्षं थांबले. दर वर्षी बॉयलर पेटायचा, मग उसाच्या पहिल्या मोळीला नारळ फुटायचा आणि आमच्या घरात एकच प्रश्न असायचा, यंदा यादीत नाव आहे का?

करार पेपरात छापून येतो त्या दिवशी खिशात येत नाही, हेही सांगा की. मी स्वतः एका कारखान्यात (नाव नको) दोन हंगाम काढले. चार महिने पगार नव्हता. दिवाळीला साखर वेळेवर मिळाली, ती वाण्याला विकून तेल आणलं.

इथं बारा तास उभं राहतो, मान्य. पण दहा तारखेला मोबाईल वाजतो.

आडसाली
रिटायर माणूस आहे, रस आटवून साखर करायच्या पॅनवर ३१ वर्षं काढली. भावनेचं राहू द्या, हिशोब बघा.

हंगामी माणसाला ग्रॅच्युइटी मिळते, पण दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकी. कायमला दर वर्षाला पंधरा दिवसांची. म्हणजे वीस हंगाम राबून हातात येतं ते निम्म्याहून कमी. हंगाम संपला की रिटेन्शन, म्हणजे बंद काळातला भत्ता, तोही हुद्द्याप्रमाणे पगाराचा तुकडा. आणि हंगाम किती दिवसांचा? २०२१-२२ ला मराठवाड्यात जूनपर्यंत धुराडी पेटत होती. २०२४-२५ ला १५ नोव्हेंबरला सुरुवात झाली आणि सोलापूरकडचे कितीतरी कारखाने फेब्रुवारीतच थंड पडले. पाऊस आणि ऊस तुमचा पगार ठरवतात, करार नंतर येतो.

पोराला पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडून बघायला सांगा. पगारातनं कापतात ते भरलं जातंय का, ते महिन्यागणिक दिसतं.

कृष्णाकाठचा
काका, हिशोब पटला. पण पगार का थकतो तेही बघा. उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत द्यायचं, नाही तर १५ टक्के व्याज. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ ला किलोला ३१ रुपये झाली आणि पुढं कितीतरी वर्षं तिथंच अडकली. तेवढ्यात एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, टनाला २,७५० वरून ३,५५० वर गेली (उताऱ्याचा, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याचा, पाया थोडा बदलला, ते सोडा). आधी बँक, मग शेतकरी, उरलं तर कामगार. चेअरमन काय घरातनं आणून देणार?

चाकणवासी
बंगल्यापुढच्या गाड्या बघितल्या की तसंच वाटतं, घरातनं आणू शकेल.

कॉलनीतली पोरगी
माझं सगळं लहानपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. मळीचा वास केसांत असायचा, तो मामाच्या गावाला गेल्यावर कळायचा. शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, पेट्रोल पंप, किराणा भांडार, सगळं. कृष्णाकाठचे दादा सांगतात ते सुख खरं आहे. रात्री बाराला पाळी सुटली तरी बाई एकटी रस्त्यानं चालत घरी यायची.

पण बाबांनी एकदा संचालकाच्या निवडणुकीत दुसऱ्या पॅनलच्या माणसाच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली. लॅबमध्ये होते. आठ दिवसांत ऊस यार्डात रात्रपाळीला. तेही चाललं असतं. चुलत्याच्या उसाला तोड आली मार्चच्या शेवटी, तुरे येऊन वाळलेला ऊस, टनेज निम्मं. मला कॉलेजच्या फीची सवलत नाकारली, कॉलेजही त्यांचंच. सही एक, आणि दंड तीन ठिकाणी भरला.

कंपनीशी भांडण झालं तर नोकरी जाते. इथं नोकरी जात नाही. बाकी सगळं जातं.

कृष्णाकाठचा
ताई, राजकारण कुठं नाही? तोड ऊस नोंदणीच्या तारखेनं लागते, क्रमपाळी, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा ती यादी, फळ्यावर असते.

लिहून दहा मिनिटं थांबलो. खरं सांगायचं तर बंगल्यावरनं फोन आला की क्रमपाळी हलते. मीच हलवलीय, दोनदा. नाव सांगत नाही, पण तो शेतकरी अजून मला राम राम करतो आणि मला मान वर करवत नाही.

तरी माझं मत बदललेलं नाही.

खोडवा
मी गेलो आणि परत आलो, तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसासारखा, म्हणून हे नाव. पुण्यात नऊ वर्षं काढली, आता एका खाजगी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे.

ही पकड कुठनं येते ते कुणी लिहिलं नाही. दोन कारखान्यांत हवाई अंतर किमान २५ किलोमीटर हवं, असा आपल्या राज्याचा नियम आहे. केंद्राचं १५ होतं, आपण वाढवलं. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये अंतराची अटच काढा म्हटलं होतं. अट राहिली. हेतू चांगला होता, उसाची पळवापळवी नको. पण त्यामुळं पॅनमनला, फिटरला, फडात उसाची नोंद ठेवणाऱ्या चिटबॉयला आपल्या गावातनं जाता येईल असा कारखाना एकच. दुसऱ्या दारात उभं राहायची सोयच नाही. आणि घरटी एक शेअर त्याच कारखान्याचा. म्हणजे कागदावर तुम्ही मालक, गेटवर तुम्ही हजेरीवाले.

१९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरा सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप करून दाखवलं, तेव्हा सावकाराच्या हातातनं सुटायचं होतं. सुटलो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

खाजगीत बरं आहे असं समजू नका हां. पगार तारखेला, पण निम्मी माणसं ठेक्यावर. संघटनेचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी कार्ड पंच होत नाही.

बालाघाटी
तुमचं पंधरा हजार आणि तेवीस हजार चालू द्या. आमच्याकडचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, उचल (आगाऊ पैसे) घेऊन सहा महिने तुमच्या फडात राहतो, त्याला तर कारखाना आपला कामगारच म्हणत नाही. तो मुकादमाचा.

आडसाली
बरोबर बोललास. आम्हीही तेव्हा त्याला कामगार म्हटलं नाही.

कृष्णाकाठचा
आत्ता जेवताना भावाला पासबुक उघडायला लावलं. मागच्या हंगामातल्या जानेवारी आणि फेब्रुवारीचा भरणा दिसत नाही. पगारातनं मात्र कापलाय, स्लिप समोर आहे.

उद्या टाइम ऑफिसला विचारायचं म्हणतोय. मी जाऊ की त्याला पाठवू? मी गेलो तर निदान ऐकून तरी घेतील, चौदा वर्षं झाली.

कॉलनीतली पोरगी
दादा, तुमच्याकडं निवडणूक कधी आहे?

कृष्णाकाठचा
फेब्रुवारीत.

कॉलनीतली पोरगी
आणि तुमचा ऊस किती तारखेला नोंदलाय?