भरती की एनडीए? मुलगा बारावीला आहे, मी त्याला काय सांगू?

कोरेगावची आई

नमस्कार मंडळी. इथे वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात. मी अंगणवाडी सेविका, मालक दूध संकलन केंद्रावर असतात. दीड एकर रान आहे. थोरला बारावी सायन्सला, धाकटी नववीत. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. आमच्याकडे फौज म्हणजे काही लांबची गोष्ट नाही. याच जिल्ह्यात अपशिंगे आहे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. सासरे नातवाला कडेवर घेऊन तिथलं स्मारक दाखवायला गेले होते, तेव्हा तो दोन वर्षांचा पण नव्हता.

थोरला पहाटे पाचला कॅनॉलच्या रस्त्यावर पळतो. सोबत गावातली पाच पोरं. सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत काढतो, बीम, म्हणजे पुल-अप, बारा मारतो. गेल्या वर्षी गावातली दोन पोरं अग्निवीर म्हणून, म्हणजे फौजेत चार वर्षांसाठी, लागली, तेव्हापासून याच्या डोक्यात तेच. पेपर फेब्रुवारीत आहेत आणि फॉर्मही त्याच सुमाराला सुटतील. म्हणतो, "आई, बारावी झाली की लगेच लागतो."

दिवाळीनंतर त्याच्या गणिताच्या सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, ह्याला एनडीएला बसवा, म्हणजे बारावीनंतर फौजेत थेट ऑफिसर व्हायची परीक्षा द्यायला लावा, ह्याचं गणित वाया घालवू नका. दहावीला गणितात नव्वद होते. मी घरी येऊन विषय काढला तर पोरगं ताटावरून उठलं. एका क्लासमध्ये जाऊन आले, त्यांनी दीड लाख फी सांगितली. तिथला माणूस माझ्या चपलांकडे बघत बोलत होता. ते जाऊ दे.

माझी खरी अडचण वेगळी आहे. यंदा आल्याला कंदकूज लागली, निम्मं रान गेलं. त्या महिन्यात मालक आणि मी रात्री हिशोब करत बसायचो, आणि पोरगं पलीकडच्या खोलीत जागं असायचं हे मला नंतर कळलं. मला वाटतं तो आमच्यासाठी भरती धरतोय. पहिल्या महिन्यापासून पगार घरी येईल म्हणून. सासऱ्यांचं म्हणणं, "शिपाई म्हणून गेल्याशिवाय फौज कळत नाही, जाऊ दे त्याला." त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही. पण त्यांच्या पेन्शनवर हे घर पंधरा वर्षं चाललंय, आणि अग्निवीरला पेन्शन नाही, हे त्यांच्या मनात उतरतच नाही.

सप्टेंबरचा जन्म आहे, आत्ता सतरा वर्षं चार महिने. अठराच्या आत असेल तर आईबापांची सही लागते म्हणे. मग मी सही अडवून धरू का? तसं करायला मन होत नाही. पोराचा निर्णय पोराने घ्यावा असंच मला वाटतं, पण त्याने तो डोळे उघडे ठेवून घ्यावा. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १ : माजी सुभेदार, फलटण

ताई, जय हिंद. २८ वर्षं नोकरी केली, त्यातली तीन बेळगावच्या सेंटरला रंगरूट घडवण्यात गेली. त्यामुळे स्पष्ट बोलतो.

आधी सहीचं. फॉर्म, मग ऑनलाइन परीक्षा, मग मैदान, मेडिकल, मेरिट, आणि त्यानंतर प्रत्यक्ष भरती. यात महिने जातात. तोवर मुलगा बहुतेक अठरा ओलांडेल आणि स्वतःच सही करेल. तुमच्या सहीवर काही अडून राहणार नाही. म्हणून सहीचा विचार सोडा आणि बोलण्याचा करा.

आता वयाचं गणित, कारण इथेच घरोघरी चूक होते. लोक म्हणतात एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे अजून दोन वर्षं आहेत. तसं नाही. ते वय परीक्षेच्या दिवशीचं धरत नाहीत, कोर्स सुरू होतो तेव्हाचं धरतात. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. तुमच्या मुलाचा जन्म सप्टेंबरचा. या एप्रिलचा फॉर्म डिसेंबरमध्येच संपला. म्हणजे त्याच्या हातात या सप्टेंबरची एक आणि पुढच्या एप्रिलची एक, एवढ्या दोनच संधी उरतात. त्यानंतरच्या सप्टेंबरला तो काही महिन्यांनी बाद होईल. अग्निवीरचं वय मात्र साडेसतरापासून निदान एकवीसपर्यंत. ते दार आणखी काही वर्षं उघडं आहे. जे दार आधी बंद होतं तिथे आधी जावं, एवढं साधं आहे हे.

पैशाचं पण मांडून ठेवा, मुलासमोर. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवानिधीत जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००. सरकार निधीत तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात, त्यावर कर नाही. नोकरीत असेपर्यंत ४८ लाखांचा विमा. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि कायम होतात ते जास्तीत जास्त शंभरात पंचवीस. एनडीएत शिक्षण, राहणं, जेवण, वर्दी सरकारची. सुरुवातीला भरायची काही रक्कम आणि दरमहा हातखर्च घरून लागतो. खडकवासल्यात तीन वर्षं, लष्करात जाणाऱ्याला मग डेहराडूनला एक वर्ष, आणि त्या वर्षी महिना ५६,१०० विद्यावेतन. म्हणजे कोर्स सुरू झाल्यावरही घरी पैसा यायला तीन वर्षं थांबावं लागेल. ती तीन वर्षं तुमचं घर थांबू शकतं का, याचं उत्तर तुमच्याकडेच आहे.

"आधी शिपाई, मग आतून ऑफिसर" असं कुणी सांगेल. आमच्या पलटणीतला एक शिपाई आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी झाला, मी त्याला सॅल्यूट केलाय आणि अभिमानाने केलाय. पण त्याच्या हाती पंधरा वर्षांची नोकरी होती, तयारीला सवड होती. चार वर्षांच्या नोकरीत त्या आशेवर पोराला पाठवू नका. आणि एकदा भरती झाल्यावर स्वतःच्या मर्जीने मध्येच सोडूनही येता येत नाही.

त्याचं पळणं मात्र एक दिवसही बंद करू नका. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पहिल्या गटाचे पूर्ण ६० गुण, दहा बीमचे ४०. तिथे तो आजच पास आहे.

प्रतिसाद २ : सुट्टीवर आलेला

काकू, मी अग्निवीर आहे, तिसरं वर्ष चालू आहे. वर्षाला ३० दिवस सुट्टी मिळते, त्यातल्या दहा दिवसांसाठी घरी आलोय. पोस्टिंगचं ठिकाण लिहीत नाही.

सुभेदार साहेबांनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे. मला फक्त आतलं सांगायचंय. बेळगावला ट्रेनिंग संपल्यावर शपथेची कसम परेड असते, तिला माझी आई आली होती. इस्त्री केलेलं पातळ नेसून सकाळी सहापासून उभी होती. त्या दिवसासाठी मी पुन्हा सगळं करेन. मला पश्चात्ताप नाही. माझे वडील गवंडीकाम करतात. मी पहिल्या वर्षी घराचं छप्पर बदललं.

पण रात्री बराकीत दिवा गेला की आम्ही काय बोलतो सांगू? पंचवीस टक्के. माझ्या शेजारच्या खाटेवरचा माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे, आणि दोघांनाही माहीत आहे की चौघांतला एकच राहील. तरी पहाटे एकमेकांना उठवतो. बाहेर पडल्यावर केंद्रीय पोलीस दलांत आरक्षण आहे म्हणतात. मी त्यावर विसंबून नाही, इग्नू या मुक्त विद्यापीठातून पदवी करतोय. आमच्यासाठीच्या अभ्यासक्रमात निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. तुमच्या मुलाने आलाच तर पहिल्या दिवसापासून हे करावं.

मी अकरावीत असताना एनडीए हा शब्द मला कुणी सांगितलाच नाही. आमच्या शाळेत भरतीची पोरं होती, एनडीएचं कुणी नव्हतं. तुमच्या मुलाला सर भेटलेत. त्याला माझ्याकडून सांगा, मित्र पळतात म्हणून त्यांच्याबरोबर भरतीला जाऊ नकोस. मैदानावर सगळे सोबत असतात, मेडिकलला एकेकटेच आत जातात.

प्रतिसाद ३ : लातूरची, कॅडेटची आई

ताई, तुमचा मुलगा ताटावरून उठला हे वाचून मला माझं घर आठवलं.

माझा मुलगा आता खडकवासल्याला दुसऱ्या वर्षात आहे. पहिल्या वेळी लेखी पास झाला आणि एसएसबीला, म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखतीला, भोपाळला गेला. मुलाखत पाच दिवसांची असते, पण पहिल्या दिवशी चाळणी लागते. चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात बोलायची. तो त्या चाळणीतच गळला. दुसऱ्या दिवशी रात्री घरी आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मी काहीच विचारलं नाही, फक्त जेवायला वाढत राहिले. तिसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाला, "आई, मला सगळं येत होतं, तोंडातून बाहेर आलं नाही."

क्लासला दीड लाख देऊ नका. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न, अडीच तास, आणि बहुतेक सगळं अकरावी-बारावीचंच. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून अंदाजाने ठोकायचं नाही हे शिकावं लागतं. दुसरा पेपर ६०० गुणांचा, इंग्रजी आणि सामान्यज्ञान. जुने पेपर घड्याळ लावून सोडवले तर गणितातला मुलगा लेखी काढतो. आम्ही पैसे घातले नाहीत, वेळ घातला. रोज रात्री मी भाकरी करताना तो इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचा आणि मग तीच बातमी मला स्वतःच्या इंग्रजीत सांगायचा. मला निम्मं कळायचं नाही. तरी मी "पुढे काय झालं?" विचारायचे.

तुम्ही म्हणता तो तुमच्यासाठी भरती धरतोय. असेलही. पण ते तुम्ही ठरवलंय, त्याने सांगितलेलं नाही. एकदा त्यालाच विचारा, सोबत कुणी नसताना.

आणि धाकटी नववीत आहे म्हणालात. दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलींसाठी नाशिकला सुरू झालीय, संभाजीनगरला मुलांची १९७७ पासून आहे तशीच. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, सतराजणी, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. थोरल्याच्या वेळी उशीर झाला तसा तिच्या वेळी होऊ देऊ नका.

कोरेगावची आई

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस लिहिता आलं नाही.

लातूरच्या ताईंनी सांगितलं तसं केलं. रविवारी उरलेलं आलं काढायला आम्ही दोघंच रानात होतो. खाली बघून काम चालू असलं की तो बोलतो, समोर बसवलं की नाही. मी विचारलं, "पैशासाठी भरती धरतोयस का?" तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "खरं सांग." बराच वेळ नुसती माती झटकत राहिला. मग म्हणाला, "पैशाचं आहे थोडं. पण आई, मला इंग्रजीत बोलता येत नाही. पाच दिवस तिथे मी काय करू? भरतीत नापास झालो तर दहा पोरं सोबत असतात. तिथे नापास झालो तर सर, गाव, सगळे म्हणतील, मोठा ऑफिसर व्हायला निघालेला."

एवढे महिने मी स्वतःला दोष देत होते, आणि पोरगं भलतंच ओझं घेऊन पळत होतं.

संध्याकाळी हे सगळं मी सासऱ्यांच्या समोरच मालकांना सांगितलं. सासरे काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर नातवाला अंगणात बोलावलं आणि म्हणाले, "आमच्या पलटणीत नवा साहेब आला की त्याला मराठी शिकावी लागायची. पंजाबचा एक लेफ्टनंट आला होता, कोवळा पोरगा. आमच्या लंगरात येऊन बसायचा आणि चुकत चुकत मराठी बोलायचा. 'मी जेवली' म्हणायचा. कुणी हसलं नाही. जवानांसाठी साहेब शिकतो, हे बघून आम्ही त्याच्यामागे कुठेही गेलो असतो. तुला तुझ्या कामासाठी एक भाषा शिकायचीय, त्याला लाज कसली?" हा किस्सा मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकला नव्हता.

मग सुभेदार दादांनी सांगितलेला वयाचा हिशोब मी कागदावर मांडून दाखवला. दोन संधी. पोराने तो कागद स्वतःच्या वहीत ठेवला. त्याचं त्याने ठरवलंय असं : बारावीचे पेपर आधी. सप्टेंबरची एनडीए द्यायची, गरज पडली तर एप्रिलची पण. अग्निवीरचा फॉर्म यंदा भरायचा नाही. मी म्हटलं, भर की, अडीचशे रुपयांचा प्रश्न आहे, ती परीक्षा तर मराठीतून देता येते. तर म्हणाला, "भरला तर मी तिकडेच पळेन, मला माहितीये मी कसा आहे." एप्रिलचीही गेली तर तेव्हा भरतीला जाणार, आणि तेव्हा कुणी अडवायचं नाही, असं त्याने आजोबांकडून कबूल करून घेतलंय. माझ्याकडूनही घेतलं. मालकांनी एवढंच विचारलं, पैशाचं काय. सासरे म्हणाले, "माझं पेन्शन आहे तोवर पोराला घाई करू नका."

सुट्टीवर आलेल्या दादा, तुमचा निरोप त्याला वाचून दाखवला. तो विचारतोय, तुमच्याशी इथेच बोलता येईल का? इग्नूचं त्याला त्याच्या मित्रांसाठी विचारायचंय, त्यातले तिघे यंदा फॉर्म भरतायत.

लातूरच्या ताई, तुमच्या मुलाने कुठला इंग्रजी पेपर धरला होता? आमच्या गावात इंग्रजी पेपर येत नाही, कोरेगावच्या स्टँडवर मिळतो. मालकांनी सकाळच्या दुधाच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, रोज एक घेऊन येईल. नाव कळवलंत तर उद्यापासून सुरू करते. धाकटी म्हणतेय, दादाचं वाचून झालं की मला द्या.