मदत हवी आहे: पोरं स्मार्ट टीव्ही बघतात, पण शिकतात का?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. लोकवर्गणीतून वर्गात स्मार्ट टीव्ही आलाय. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप. भेटीला आलेले साहेबही खूश.

परवा अपूर्णांकांच्या बेरजेचा व्हिडिओ संपला आणि लगेच फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं. निम्म्या वर्गाचं उत्तर २/५! अंशात अंश, छेदात छेद. मग जुन्या वहीच्या पानांच्या घड्या घालायला लावल्या, तेव्हा कुठे एक मुलगी म्हणाली, "बाई, २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी झालं की!" त्यावरून वर्गात जे भांडण जुंपलं, तेच मला हवं होतं.

टीव्ही गुंडाळून ठेवायचा नाहीये. पृथ्वीचं परिभ्रमण खडूने काय डोंबल दाखवणार? अडतंय ते गणितात. तुम्ही व्हिडिओ मध्येच थांबवून नेमकं काय विचारता? प्रश्नमंजुषा लावली तर चार चुणचुणीत पोरंच उत्तरं देतात, मागे बसणाऱ्यांना कसं बोलतं करायचं? दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्यांनी तर जरूर सांगा, माझ्याकडे चौथीही त्याच खोलीत बसते.