तुमच्या घरातला शेवटचा तात्या कोण?

गेल्या महिन्यात आमच्याकडे बारसं झालं. कुर्रर्र करून झालं, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या आणि आत्याने विचारलं, "बरं, पण हाक काय मारायची?" पुतण्याची बायको गोंधळली. "नावानेच की. दोनच तर अक्षरं आहेत."

आत्याचं तोंड पडलं. तिला पाच भाऊ: अप्पा, अण्णा, तात्या, नाना, बापू. त्यातले तात्या म्हणजे माझे वडील. पाचांची पाळण्यातली नावं मी सलग वाचली ती थेट वारसनोंदीच्या वेळी, सातबाऱ्यावर. आज आमच्या खालच्या पिढीत अकरा मुलं आहेत, तात्या एकही नाही. तुमच्याकडे कुठली हाक कधी थांबली? आठवेल तसं लिहा. नुसत्या याद्या नकोत, हाकेमागचं माणूस येऊ द्या.

बाळकाका
आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. मी 1961 सालचा, नाव दत्तात्रय. पण सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग आईने मला हाक मारायची कशी आणि रागवायचं कसं? म्हणून मी बाळ. "दत्त्या, मेल्या" असं तिला जन्मात म्हणता आलं नाही. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरीत "दत्तात्रय" पुकारलं आणि मी गप्प. मला वाटलं, आजोबा कशाला येतील शाळेत? माझ्या नातवाचं नाव मुलाने नेटवर शोधलं. सून ते दिवसातून शंभरदा बिनदिक्कत घेते. अडचणच उरली नाही, तर हाक कुठून उरणार?

वाचनालयात बसणारा
बाळकाका, लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव. बाळ ही घरची हाक, पण इतिहासात तीच राहिली. तात्या टोपे यांचं रामचंद्र कितीजणांना ठाऊक असतं? सावरकरही तात्या. महर्षी कर्वे अण्णा, कर्मवीर भाऊराव पाटीलही अण्णा. घरातली हाक गावाने उचलायची, गावातली राज्याने. आता पुढाऱ्यांचे दादा-भाऊ फ्लेक्सवरच दिसतात, पण ते आधी फ्लेक्सवर येतात आणि मग तोंडात. उलटा प्रवास.

माजघर
मी आईला वहिनी म्हणायचे आणि वडिलांना भाऊ. एकत्र कुटुंब, चुलत्या-आत्यांच्या तोंडी "वहिनी, चहा" आणि "भाऊ, जरा ऐक", तेच आम्ही उचललं. पुढे वडिलांची बदली झाली आणि डोंबिवलीत दोन खोल्यांत आलो. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आई सावत्र आहे का गं?" मी घरी येऊन रडले. वहिनी मात्र पोट धरधरून हसली. त्यानंतर दोन दिवस मी तिला "आई" म्हणून पाहिलं. तिने ओ दिली नाही, लक्षातच आलं नाही तिच्या. माझा मुलगा मला आईच म्हणतो. दुसरं काही ऐकून शिकायला घरात माणसं कुठे आहेत? नवरा मला नावाने हाक मारतो, म्हणून मध्यंतरी तोही आठवडाभर नावाने मारत होता, तेवढंच.

सातारकर
सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमचे पणजोबा केरू. आधीची तीन मुलं गेली, म्हणून यांना जन्मल्याबरोबर केरात ठेवून उचललं. दगडू, कचरू, भिकू, सगळे त्याच भीतीतून आलेले. देवाला, नजरेला वाटावं की हे मूल कुणाला नकोच आहे. मुलं जगायला लागली, लस आली, दवाखाना आला आणि ही नावं गेली. गेली ते उत्तम झालं.

पण नकोशीचं तसं नाही. तिथे कुणाला फसवायचं नव्हतं, खरंच नको होती. 2011 मध्ये आमच्या जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावं समारंभाने बदलली. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना मात्र सासरी-माहेरी आजही "नकू" म्हणतात. कागदावर नाव बदललं, ओसरीवर नाही. मला तिला हाक मारायची वेळ आली की मी "अहो" म्हणून भागवतो.

धोंडोपंत नव्हे
सातारकर, धोंडू मात्र कधीकधी अधिक महिन्यातला असायचा. तो धोंड्याचा महिना ना. अनारसे खाऊन नाव धोंडा!

कुडाळ ते पणजी
आमच्याकडे बाबी, बाबलो, बाय. एका वाडीत चार बाबी, म्हणून शिंपी बाबी, पोस्टातला बाबी, लांब बाबी आणि नुसता बाबी. नुसता बाबी म्हणजे माझा मामा. त्याला त्या "नुसता"चा फार अभिमान.

खडू आणि डस्टर
तीस वर्षं नागपुरात शिकवते. आधी वर्गात पक्या, दिल्या, अव्या, मध्या. प्रकाश, दिलीप, अविनाश, मधुकर ही लांब नावं, मैदानावरून ओरडायला तोडावीच लागायची. आता विहान, आरव, रियान. तोडून काय उरणार? एका पोराने "विहान्या" करून पाहिलं, ते मूळ नावापेक्षा लांब झालं. शेवटी आडनावाला "या" जोडतात, नाहीतर सगळेच एकमेकांना "ब्रो".

तांदळाचं ताट
लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून माझी आजी सासरी सरस्वती. माहेरी ठकू. धाकटा भाऊ गेल्यावर तेराव्याहून परतली आणि मला म्हणाली, "तुझ्या मोबाइलात माझा नंबर ठकू म्हणून घाल." घातलाय. फोन आला की माझी मुलगी ओरडते, "ठकूचा फोन!" आजीला ते पलीकडे ऐकू जावं असं वाटतं, पण उचलल्याशिवाय ऐकू कसं जाणार? म्हणून आता आधी उचलते, मग ती ओरडते.

वय वर्षं 48, नाव पिंकी
तुम्ही सगळे तात्या-अण्णांसाठी हळहळताय. आमची बंटी, डॉली, पप्पू, चिंटू, पिंकी ही अख्खी फौज मोडीत निघालीय, त्याचं कुणाला काहीच नाही. बँकेत मी शाखाधिकारी, मोठी बहीण काउंटरवर येऊन "पिंके, पासबुक" म्हणते. तिच्या मुलीला सहावा महिना लागलाय. घरात बैठक झाली, मला बाळाने काय म्हणायचं? मावशीआजी लांब पडतं म्हणे. चार महिन्यांनी मी पिंकी आजी होणार.