पहिला कॅमेरा : काकांच्या जुन्या निकॉन लेन्स हाताशी असताना कोणती बॉडी घ्यावी?

यवतेश्वरी :
मी साताऱ्यात राहते. आजवर मोबाइलवरच छायाचित्रे काढली. आता लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. माझे विषय मुख्यतः दोन : पावसाळ्याच्या अखेरीस कास पठारावर फुलणारी फुले, आणि हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर येणारे रोहित व इतर पाणपक्षी. खर्चाची मर्यादा ७० हजार रुपये आहे. काकांनी फिल्मच्या काळातील आपल्या दोन निकॉन लेन्स मला दिल्या आहेत : ५० मिमी एफ/१.८डी आणि ७०-३०० मिमी एफ/४-५.६डी. निकॉनचा एफ माउंट (लेन्स जोडण्याची कडी) १९५९ पासून तोच असल्याने कोणत्याही निकॉन डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) या लेन्स चालतील, असे सांगून दुकानदाराने वापरलेला डी५६०० दाखवला. नात्यातले एक गृहस्थ मात्र मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, निकॉन झेड५० घेण्याचा आग्रह धरतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी काच :
दुकानदाराचे विधान अर्धेच खरे आहे. लेन्स बसेल, प्रकाशमापनही होईल, परंतु ऑटोफोकस होणार नाही. आपल्या दोन्ही लेन्समध्ये मोटर नाही. बॉडीतील मोटर माउंटवरच्या एका छोट्या स्क्रूमार्फत त्यांचा फोकस फिरवते. डी३००० आणि डी५००० या मालिकांमधील बॉडींना ती मोटरच दिलेली नाही, त्यामुळे डी५६००वर प्रत्येक वेळी हाताने फोकस करावा लागेल. डी७१००, डी७२०० किंवा डी७५०० यांत मोटर आहे. चांगल्या स्थितीतील डी७२०० मिळाला, तर काकांच्या लेन्स पूर्वीसारख्याच चालतील आणि उरलेल्या पैशांत पुढे अगदी जवळून टिपणारी एखादी मॅक्रो लेन्सही पाहता येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या लेन्सवरील ॲपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) कडी सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे ५०च्या बाबतीत २२ वर, नेऊन कुलूपबंद करावी लागते, अन्यथा कॅमेरा ‘एफईई’ अशी अक्षरे दाखवतो आणि नवखा माणूस बॉडी बिघडली असे समजून ती दुकानात नेतो.

भिगवणवारी :
वरील माहिती अचूक आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. केवळ हाताशी आहेत म्हणून दोन जुन्या लेन्सना कॅमेरा निवडू देऊ नये. ती ७०-३०० कंपनरोधक नाही आणि ३०० मिमीला तिची धार मऊ पडते. हलत्या नावेतून उडता पक्षी टिपायचा तर शटर १/१००० सेकंदाच्या खाली नेता येत नाही, आणि स्क्रूने फिरणारा फोकस अशा वेळी मागे पडतो. झेड५० सोबत येणारी ५०-२५० मिमी लेन्स वजनाने हलकी असून तिच्यात व्हीआर, म्हणजे कंपनरोधक सोय, आहे. सेन्सर लहान असल्याने दीडपट धरता ती ३७५ मिमीसारखे दृश्य देते. रोहितांच्या थव्याला तेवढे पुरते, धोबी किंवा तुतवार यांच्यासारख्या लहान पक्ष्यांना मात्र पुरत नाही. कासला पायवाट सोडून फुलांत शिरता येत नसल्याने तिथेही हीच लेन्स अधिक उपयोगी पडेल.

एफ माउंटच्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून काकांच्या लेन्स झेड५०वर बसतात, पण अडॅप्टरमध्येही मोटर नाही, हे नात्यातल्या गृहस्थांनी सांगितले नसावे. तरीही व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठे करून, फोकसमधल्या कडा रंगीत दाखवणारे पीकिंग सुरू ठेवून ५० मिमीने स्थिर फुलावर हाताने फोकस करणे डी५६००पेक्षा खूपच सोपे जाते. खर्च थोडा वाढवता आला, तर २०२४ मध्ये आलेला झेड५० टू पाहावा. त्यात पक्षी ओळखून फोकस धरण्याची सोय आहे, २०१९च्या झेड५०मध्ये ती नाही.

जुनी काच :
नावेचा मुद्दा मान्य. तथापि निर्णयाआधी दोन्ही लेन्स अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या उजेडात आरपार तपासाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात कातडी पिशवीत राहिलेल्या काचेवर हमखास बुरशी चढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लेन्स सुटी करून साफ करावी लागते, आणि त्या खर्चात जुनी ७०-३०० दुसरी मिळू शकते.

यवतेश्वरी :
तपासल्या. ५० स्वच्छ आहे. ७०-३००च्या आतील काचेवर तंतू स्पष्ट दिसतात. म्हणजे मोटर असलेल्या बॉडीसाठी उरलेले मोठे कारणच गेले. दोन लेन्सच्या संचासह वापरलेला झेड५० मर्यादेत मिळतो आहे. अडॅप्टर नंतर घेईन. वापरलेला कॅमेरा घेताना काय पाहावे?

भिगवणवारी :
एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत, दोन्ही लेन्सवर ऑटोफोकस व व्हीआर तपासावे, मूळ बिल मागावे. घरी आणल्यावर सर्व सामान हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक टाकून ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे, आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात.